लाल रेघेला घाबरू नका : ओव्हररायडिंग शिकवताना आपण काय सोडून देतो?



आज विषय थोडा वेगळा आहे. एरवी मी इथे गणितावर लिहिते, पण गेल्या वर्षीचा एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या एका धड्यावर लिहायला बसले. ज्या पालकांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं. यात अवघड असं फार काही नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी घरी आली. दहावीपर्यंत माझ्याकडे गणिताला होती, आता शहरातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. घर दौलताबादला, किल्ल्याजवळ. वडिलांची सीताफळं आणि पेरूची गाडी आहे. दारातच म्हणाली, "मॅडम, मला कोडिंग जमत नाही. आबा म्हणतात सोडून दे, दुसरं काहीतरी बघू."

झालं असं होतं. जावाच्या प्रात्यक्षिकासाठी तिने आपल्याच गावचा विषय घेतला : किल्ल्याच्या तिकीट खिडकीचा प्रोग्रॅम. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर भारतीय आणि परदेशी पर्यटकांचे दर वेगळे असतात, पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, हे तिला पाठ. तिने 'पर्यटक' नावाचा मूळ क्लास केला, त्यात शुल्क सांगणारी मेथड लिहिली, तिथे भारतीय दर ठेवला. मग त्याचा उपक्लास 'परदेशी पर्यटक', त्यात तीच मेथड परदेशी दराने पुन्हा लिहिली. प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. लाल रेघ एकही नाही. परीक्षकांनी परदेशी पाहुण्याचं तिकीट काढायला सांगितलं आणि स्क्रीनवर आला भारतीय दर. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. पोरगी तिथेच रडकुंडीला आली, मार्क गेले.

आम्ही दोघी तासभर त्या प्रोग्रॅमकडे बघत बसलो. शेवटी सापडलं. मूळ क्लासमध्ये मेथडच्या नावातलं 'गेट'नंतरचं 'फी' हे मोठ्या एफने सुरू होत होतं, उपक्लासमध्ये लहान एफने. एवढंच! कंपायलरच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या मेथड होत्या. त्याला वाटलं, पोरीने एक नवीनच मेथड लिहिली आहे. ती कुणी बोलावलीच नाही, म्हणून ती कधी चाललीच नाही.

मग मी तिला त्या मेथडच्या डोक्यावर एक शब्द लिहायला सांगितला : '@ओव्हरराइड'. तत्क्षणी लाल रेघ आली आणि कंपायलर म्हणाला, ही मेथड वरच्या क्लासमधल्या कोणत्याच मेथडची जागा घेत नाही. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "मॅडम, हे आधीच का नाही सांगत कुणी?"

तिच्या या प्रश्नावर माझं जे मत झालं, ते पुढे मांडते.

ओव्हररायडिंग म्हणजे नेमकं काय?

पालकांसाठी दोन शब्द. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये एका क्लासवरून दुसरा क्लास काढता येतो. मुलाला बापाकडून घर, शेत, आडनाव मिळतं तसं उपक्लासला मूळ क्लासच्या सगळ्या मेथड मिळतात. एखादी मेथड उपक्लासला जशीच्या तशी नको असेल, तर तो त्याच नावाने आपल्या पद्धतीने ती पुन्हा लिहितो. यालाच ओव्हररायडिंग म्हणतात. बाकीचा प्रोग्रॅम मात्र 'पर्यटक' एवढंच ओळखतो. समोर आलेला पर्यटक भारतीय आहे की परदेशी, हे त्याला माहीत असायची गरज नाही. तो फक्त "शुल्क सांग" म्हणतो आणि योग्य ते उत्तर यावं अशी अपेक्षा ठेवतो.

इथेच जोखीम आहे. ज्याने मूळ क्लास बघून प्रोग्रॅम लिहिला, त्याच्यासमोर उद्या उपक्लास उभा राहणार. मग उपक्लासने मूळ क्लासचा शब्द पाळला पाहिजे. पाळतो की नाही हे तपासायचं काम टाइप असलेल्या भाषांमध्ये कंपायलर करतो.

गाडीवरचे चार नियम

हे नियम पुस्तकात रुक्ष भाषेत असतात. मी तिला विचारलं, "हंगामात आबा दवाखान्यात गेले की गाडीवर कोण बसतं?" म्हणाली, "मी." म्हटलं, "मग गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये म्हणून तू काय काय पाळतेस ते सांग." तिने जे सांगितलं त्यात जवळजवळ सगळा धडा आला.

पहिला नियम, घेण्याचा. आबा नोट घेतात, चिल्लर घेतात, मोबाइलवरूनही घेतात. मी बसले आणि म्हणाले, "चिल्लर चालणार नाही, मोबाइलवरूनच द्या," तर रोजचं गिऱ्हाईक अडेल. म्हणजे मूळ मेथड जे स्वीकारते ते सगळं उपक्लासच्या मेथडने स्वीकारलं पाहिजे. जास्त स्वीकारलं तर तत्त्वतः बिघडत नाही, कमी मात्र चालत नाही. जावा याहून कडक आहे. तिथे पॅरामीटरचे प्रकार तंतोतंत जुळावे लागतात.

दुसरा नियम, देण्याचा. गिऱ्हाइकाने "फळ द्या" म्हटलं आणि मी सीताफळ दिलं तर चालेल, कारण सीताफळ हे फळच आहे. पण सीताफळ मागितलं आणि "घ्या काहीतरी फळ" म्हणून पेरू दिला तर चालणार नाही. म्हणजे परत देताना उपक्लास अधिक नेमकं देऊ शकतो, अधिक ढोबळ नाही. जावामध्ये ही सवलत 2004 साली पाचव्या आवृत्तीपासून आली. त्याआधी परतीचा प्रकारही अगदी तोच असावा लागे. साध्या आकड्यांना मात्र ही सवलत आजही नाही. वर 'इंट' असेल तर खाली 'लाँग' किंवा 'डबल' चालत नाही.

तिसरा नियम, दाराचा. आबांची गाडी रस्त्यावर, सगळ्यांसाठी उघडी. मी ती घराच्या ओसरीत नेऊन फक्त शेजाऱ्यांना विकायला लागले तर? मूळ मेथड पब्लिक असेल तर उपक्लास तिला प्रायव्हेट करू शकत नाही. उलट, अधिक खुली करायला हरकत नसते.

चौथा नियम, सबबींचा. आबा फार तर म्हणतात, "आज माल संपला." गिऱ्हाईक ते गृहीत धरून येतं. मी "आज काटाच नाही", "आज मूड नाही" अशा नव्या सबबी काढायला लागले तर त्याची पंचाईत. जावाच्या भाषेत, मूळ मेथडने जाहीर न केलेलं नवीन चेक्ड एक्सेप्शन उपक्लासच्या मेथडला फेकता येत नाही. सबबी कमी केल्या तर उत्तमच.

आता बघा, या पोरीला ओव्हररायडिंग कळलं नव्हतं का? तिला ते आयुष्यातून कळलेलंच होतं. पुस्तकातल्या शब्दांशी त्याची गाठ कुणी मारून दिली नव्हती.

कंपायलर दोन प्रश्न विचारतो, आपण एकच शिकवतो

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. तपासणीत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला : ही मेथड खरंच वरच्या मेथडची जागा घेते आहे का? दुसरा : घेत असेल, तर ती जुळते का?

दुसरा प्रश्न जावाचा कंपायलर स्वतःहून विचारतो. नाव आणि पॅरामीटर जुळले पण परतीचा प्रकार चुकला, तर तो लगेच अडवतो. पण पहिल्या प्रश्नात तो आपला हेतू ओळखू शकत नाही. नावात एक अक्षर चुकलं, किंवा वर 'इंट' घेणारी मेथड आहे आणि खाली आपण 'लाँग' घेणारी लिहिली, तर त्याला वाटतं आपल्याला नवीनच मेथड हवी आहे. नाव तेच पण पॅरामीटर वेगळे, म्हणजे ओव्हरलोडिंग. तेही कायदेशीर असल्यामुळे तो गप्प बसतो. हा गप्पपणाच पोरांना बुडवतो. '@ओव्हरराइड' लिहिणं म्हणजे आपला हेतू त्याला लेखी देणं. मग तो पहिला प्रश्नही तपासतो.

आणि आपण वर्गात काय करतो? "ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग यांतील फरक लिहा." दोन रकान्यांचा तक्ता, चार-पाच मुद्दे, पाठ करा, उतरवा. मुलांना तक्ता येतो. पण स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये एकाच्या जागी दुसरं होऊन बसलंय, हे ओळखता येत नाही. फरक तोंडपाठ आणि चूक डोळ्यांसमोर! हे शिकवणं झालं का?

"मॅडम, बैल काय मटण खाणार आहे?"

त्या पोरीने पुढे एक फार छान शंका काढली. म्हणाली, "मूळ क्लास 'जनावर', त्याची मेथड 'खा', ती कोणतंही खाद्य घेते. उपक्लास 'बैल'. बैल तर कडबाच खाणार ना? मग बैलाच्या मेथडने फक्त कडबा घेतला तर काय बिघडलं?"

शंका रास्त आहे. मोठमोठ्या लोकांनाही ती पडली होती. बर्ट्रांड मेयर यांनी तयार केलेल्या आयफेल या भाषेत उपक्लासला पॅरामीटर असा अरुंद करायची मुभा होती, कारण व्यवहारात तसंच दिसतं. पण 1989 मध्ये विल्यम कुक यांनी दाखवून दिलं की यामुळे भाषेच्या टाइप तपासणीला भोक पडतं. कसं? ज्याच्या हातात नुसती 'जनावरांची यादी' आहे, तो प्रत्येकापुढे जे असेल ते खाद्य टाकत जाणार. यादीत बैल निघाला आणि हातात मासळी असली तर? तपासणी म्हणाली होती सगळं ठीक, आणि गोंधळ मात्र चालत्या प्रोग्रॅममध्ये झाला.

मग चूक कुणाची? बैलाची नाही. "कोणतंही खाद्य खाईन" हा शब्द मूळ क्लासने आधीच द्यायला नको होता. जावासारख्या भाषेत यावर उपाय जेनेरिक्सचा. कोणतं जनावर कोणतं खाद्य खातं, हे प्रकारातच लिहून ठेवायचं. लाल रेघ आली की नेहमी खालचंच दुरुस्त करायचं असतं असं नाही. कधी कधी वरच्याने दिलेला शब्दच चुकीचा असतो. हे वर्गात बोलायला हवं, आणि खरं सांगायचं तर घरातही.

शिक्का बरोबर, धातू वेगळा

आता दुसरी बाजू. कंपायलर सगळं पकडतो असंही मुलांना सांगू नका. दौलताबादच्या मुलांना हे समजवायला लांब जावं लागत नाही.

मुहंमद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिलं, हे आपल्या पोरांना ठाऊक असतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याने चांदीच्या टंक्याच्या जागी तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली. त्यांतली काही इथल्या दौलताबादच्या टाकसाळीतही पाडली गेली. नाण्यावरचा मजकूर, सुलतानाची आज्ञा, नाण्याची किंमत, सगळं 'टंका' म्हणूनच. थोडक्यात सिग्नेचर जुळत होती. पण धातू तो नव्हता आणि नक्कल करणं सोपं होतं. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, व्यापारी ती घेईनात, आणि शेवटी सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून खरी नाणी द्यावी लागली.

कंपायलर नाण्यावरचा मजकूर वाचतो, धातू पारखत नाही. परदेशी पर्यटकाच्या मेथडने शुल्क म्हणून उणे शंभर दिले तरी तो पूर्णांकच आहे, कंपायलरची हरकत नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. भूमितीत प्रत्येक चौरस हा आयत असतो, हे आपण शिकवतो. मग 'चौरस' हा 'आयत' क्लासचा उपक्लास करायचा का? समजा आयताला लांबी बदलणारी आणि रुंदी बदलणारी अशा दोन मेथड आहेत. एखाद्याने लांबी 5 केली, रुंदी 4 केली आणि क्षेत्रफळ 20 येईल असं गृहीत धरलं. समोर चौरस असेल तर रुंदी 4 करताना त्याला लांबीही 4 करावी लागते, आणि क्षेत्रफळ येतं 16. सगळे प्रकार जुळले, कंपायलर खूश, उत्तर चुकलं. भूमितीतला चौरस बदलत नाही, प्रोग्रॅममधला बदलतो, हा सगळा फरक.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये एका व्याख्यानात हा विचार मांडला, आणि 1994 मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत तो नीट नियमबद्ध केला : उपप्रकार मूळ प्रकाराच्या जागी ठेवला तर मूळ प्रकारावर विसंबलेल्याची फसगत होता कामा नये. फक्त सही जुळून भागत नाही, वागणूकही जुळायला हवी. लिस्कोव्ह यांना 2008 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सही जुळते का हे कंपायलर बघतो. वागणूक जुळते का हे आपल्याला चाचण्या लिहून बघावं लागतं. दोन्ही शिकवायला हवं.

भाषा शहाण्या झाल्या, आपण कधी?

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? पण भाषा बनवणाऱ्यांनी ही गोष्ट एवढीशी मानलेली नाही. सी शार्पमध्ये सुरुवातीपासून 'ओव्हरराइड' हा शब्द लिहावाच लागतो. कॉटलिनमध्येही सक्ती आहे. जावामध्ये '@ओव्हरराइड' 2004 पासून आहे. सी प्लस प्लसमध्ये हा शब्द 2011 च्या मानकात आला. पीएचपी पूर्वी न जुळणाऱ्या मेथडवर बहुतेक वेळा नुसता इशारा देऊन पुढे जायची, 2020 मध्ये आठव्या आवृत्तीपासून प्रोग्रॅम थांबवते. टाइपस्क्रिप्टमध्ये 2021 ला आणि पायथनमध्येसुद्धा 3.12 आवृत्तीत, म्हणजे 2023 ला, ही सोय आली. एकामागून एक सगळ्यांनी एकच धडा घेतला : हेतू लिहून घ्या, मग तपासा.

आपल्याकडे मात्र बारावीला सी प्लस प्लस शिकवतो आणि वर्षानुवर्षे जे जुने टर्बो कंपायलर वापरले, त्यांना हा शब्दच माहीत नाही. सक्ती नसली तरी शिकवायला कुणी अडवलंय का?

काही सहकारी म्हणतात, "मुलं आधीच घाबरलेली असतात, त्यात आणखी एरर कशाला?" त्यांची कळकळ मला समजते. पण एक सांगा, घरी बसून लाल रेघ दिसणं बरं, की परीक्षकांसमोर चुकीचं उत्तर दिसणं बरं? लाल रेघ म्हणजे शिक्षा नाही, ती वेळेवर केलेली सूचना आहे. वहीत लाल पेनाने आपण खुणा करतो त्या मुलांना खाली पाडायला करतो का? मग मुलांच्या मनात लालची भीती कुणी घातली, याचाही विचार आपणच करायला हवा.

वर्गात करून पाहा

१. ओव्हररायडिंगच्या पहिल्याच तासाला मुलांना मोडका प्रोग्रॅम द्या. नावात एक अक्षर चूक ठेवा. चालतो पण उत्तर चुकतं, हे त्यांना अनुभवू द्या. मग '@ओव्हरराइड' लिहायला लावा.

२. तपासताना '@ओव्हरराइड' नसेल तर अर्धा मार्क कापा, असेल तर कौतुक करा. सवय अशीच लागते.

३. चार नियमांसाठी चार चुका मुद्दाम करायला लावा आणि प्रत्येक वेळी कंपायलर काय म्हणतो ते मराठीत वहीत लिहून घ्या.

४. फरकाच्या तक्त्याऐवजी असा प्रश्न विचारा : "हा प्रोग्रॅम कंपाइल होईल का? नसेल तर का? असेल तर कोणती मेथड चालेल?"

५. आयत-चौरसाचा प्रयोग गणिताच्या शिक्षकांना सोबत घेऊन करा.

पालकांना एकच विनंती. मूल "एरर आला" म्हणालं की "तुला जमत नाही" असं लगेच म्हणू नका. एरर काय म्हणतोय ते मोठ्याने वाचून दाखव, एवढंच सांगा. तुम्हाला त्यातलं कळलं नाही तरी वाचता वाचता त्याला कळतं.

त्या दिवशी तिचे आबा तिला न्यायला आले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, ते मशीन आधीच बोललं असतं, तर पोरीचे मार्क गेले नसते?" मी म्हटलं, "बोलायला तयार होतं हो ते. बोलायला कसं लावायचं, हे आम्ही पोरीला शिकवलं नव्हतं."

गेलेले मार्क परत आले नाहीत. पण कोडिंग सोडायचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही. हंगामात ती अजूनही गाडीवर बसते, आणि चिल्लरही घेते.

तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.